खुलासा फक्त पक्षकाराचा

आईच्या नावाने तयार केलेल्या प्रतिज्ञापत्रात एक वाक्य होते : 'अर्जदार ही वयोवृद्ध व अल्पशिक्षित स्त्री असून तिला कायद्याचे ज्ञान नाही.' आई जुन्या काळची फायनल झालेली. रोजचे वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिने ते वाक्य दोनदा वाचले आणि सही करण्याआधी मला विचारले, "म्हणजे चूक माझी झाली, असं लिहून द्यायचं का?"

चूक तिची नव्हती. २००८ साली तिने आपल्या भावांविरुद्ध, म्हणजे माझ्या मामांविरुद्ध, वडिलांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा लावला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. माहेर तुटेल हे पुरते ठाऊक असताना, तीन वर्षे मनाशी झगडून आई कोर्टात गेली. पुढची अकरा वर्षे तारखा पडत राहिल्या. २०१९ मध्ये एका तारखेला आमचे वकील आले नाहीत, पुढच्या तारखेलाही आले नाहीत, आणि 'वादी व वादीचे वकील गैरहजर' असा शेरा मारून दावा काढून टाकण्यात आला. फोन केला की वकीलसाहेब म्हणत, "चालू आहे, पुढची तारीख कळवतो." दावा निघून गेल्याचे आम्हाला सात महिन्यांनी कळले, तेही माझ्या मुलाने मोबाइलवरच्या ई-कोर्ट्स अॅपमध्ये आमचा सीएनआर क्रमांक टाकून पाहिला म्हणून.

असा दावा पुन्हा बोर्डावर आणायचा तर ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. ते दिवस केव्हाच उलटले होते. मग उशीर माफीचा अर्ज, आणि त्या अर्जासोबत उशिराच्या दिवसादिवसाचा खुलासा. हा 'दिवसादिवसाचा खुलासा' इतका ताणून धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच काश्मीरमधल्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. तरी तालुक्याच्या कोर्टात अर्ज लिहिणारा प्रत्येक जण तो खुलासा लिहितो, कारण विरुद्ध पक्षाच्या 'से'मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, पहिला आक्षेप त्यावरच येतो. आईने खुलासा दिला. पुढे दोन हजार रुपये खर्च भरण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाला. तो खर्च मामांना मिळाला. जे वकील दोन तारखांना आले नाहीत आणि सात महिने खोटे सांगत राहिले, त्यांना कोणी एका ओळीचाही खुलासा मागितला नाही.

माझी तक्रार या एका गोष्टीची आहे. कोर्ट हळू चालते, वकील महाग असतात, हे सगळेच बोलतात आणि ते खरेही आहे. पण त्या इमारतीत खुलासा मागितला जातो तो फक्त पक्षकाराला, आणि त्याने उलट कोणाकडे खुलासा मागावा अशी जागाच तिथे ठेवलेली नाही, हे मला त्याहून गंभीर वाटते. उशीर कधीतरी कमी होईल. न्यायाधीश वाढतील, इमारती होतील. हिशेब देण्याची सवयच ज्या व्यवस्थेला लागली नाही, तिथे त्या वाढलेल्या न्यायाधीशांपुढेही आईसारखी माणसे माफीचाच अर्ज घेऊन उभी राहतील.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. लहानपणापासून ऐकलेली ही म्हण मला आता खटकते. ती सगळा बोल पायरी चढणाऱ्याला लावते. पायरीवर काय चालते याबद्दल तिला काही म्हणायचे नाही. आणि तिचा खरा लाभार्थी वेगळाच आहे. ज्याने बांध कोरला, ज्याने बहिणीचे नाव उताऱ्यावरून गाळले, ज्याने फ्लॅटचे पैसे घेऊन ताबा दिला नाही, तो छाती पुढे काढून म्हणतो, "जा कोर्टात." शहाणा माणूस जाणार नाही याची त्याला खात्री असते.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. मूळ प्रकरण दिल्लीतले. एका माणसाने वीस हजार रुपयांचा चेक न वटल्याची फिर्याद करण्यासाठी वकील केला. समोरच्याकडून आलेले पैसे वकिलाने आपल्याला दिले नाहीत आणि वर फीसाठी आपल्यावरच दावा लावला, अशी त्याची तक्रार होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांना ग्राहक कायद्यात धरले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ वर्षे गेली. डॉक्टर १९९५ पासून या कायद्यात आहेत. वकील त्यात नसावेत, याचे न्यायालयाने दिलेले मुख्य कारण असे की वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही, त्याच्या कामावर अशिलाचे बऱ्याच अंशी थेट नियंत्रण असते, म्हणून हा 'व्यक्तिगत सेवेचा करार' ठरतो आणि असा करार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

न्यायालयाचा पूर्ण मान राखून मी म्हणते की तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक सकाळ काढलेला माणूस हे कारण मान्य करणार नाही. तिथे नियंत्रण कोणाचे कोणावर असते? वकीलपत्रावर सही घेतली जाते तेव्हा त्यातला मजकूर कोणी वाचून दाखवत नाही. पैसे रोख घेतले जातात. पावती मागणे हा अविश्वास समजला जातो, आणि अविश्वास दाखवलेल्या वकिलाच्या हाती आपली जमीन असते, म्हणून कोणी मागत नाही. आत काय झाले हे विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते : तारीख. तारीख का पडली, पुरावा नोंदवायचा होता का, आपण कोणता अर्ज दिला, समोरच्याने काय हरकत घेतली, हे सगळे रोजनाम्यात असते. १९९८ पासून महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, तरी पुष्कळ कागद इंग्रजीतच निघतात. घरात गवंडी कामाला लावला तर भिंत कुठवर आली हे मालकाला दिसते. दाव्याची भिंत अशिलाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर नियंत्रण कसले?

ग्राहक मंच नसला तरी इतर वाटा आहेत, असे सांगितले जाते. आहेत. १९२६ चा एक जुना कायदा स्पष्ट सांगतो की केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. म्हणजे दिवाणी दावा लावता येतो. आता ही वाट चालून पाहा. एका दाव्याने दमलेल्या माणसाने दुसरा दावा लावायचा, त्याच कोर्टात, आणि त्यासाठी त्याच बाररूममध्ये बसणारा दुसरा वकील शोधायचा, जो आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याविरुद्ध उभा राहील. आम्ही फक्त वकील बदलायला निघालो, तर तिघांनी एकच वाक्य ऐकवले : "आधी त्यांची एनओसी आणा."

त्या एनओसीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आधीचा वकील असताना दुसऱ्याने त्याच्या संमतीशिवाय उभे राहू नये. पण त्याच नियमात पुढे आहे की संमती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी आणि काम सुरू करावे. हा दुसरा भाग आम्हाला कोणी सांगितला नाही. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे, तोही कोणी सांगितला नाही. आमची फाइल राहिलेले नऊ हजार दिल्यावर मिळाली. कशाचे नऊ हजार, हे मला अजून माहीत नाही. नियम चांगले आहेत, हे मी मुद्दाम नोंदवते. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा, पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय काम सोडू नये, सोडले तर न केलेल्या कामाची फी परत द्यावी, हे सगळे लिहिलेले आहे. फक्त ते ज्याच्यासाठी लिहिले आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही.

राहिली शिस्तभंगाची वाट. १९६१ च्या वकील कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथे ताकीद, सनदेचे निलंबन किंवा सनद रद्द करणे अशा शिक्षा आहेत. पक्षकाराच्या नुकसानभरपाईसाठी ते कलम नाही. तक्रार वर्षाच्या आत निकाली काढावी, नाही तर ती देशपातळीवरच्या बार कौन्सिलकडे जाते, अशी मुदतही कायद्यात आहे. पण समितीची रचना पाहा. तीन सदस्य, तिघेही वकील. त्यांतले दोघे कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, आणि त्यांना निवडून देतात राज्यातले वकील. म्हणजे माझी तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, तो माझ्या न्यायाधीशाचा मतदार असतो. एखादा सदस्य कितीही सरळ असला तरी ही रचना सरळ नाही. वकिली शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्या महिन्यात सांगतात की कोणी स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. ते तत्त्व वकिलांनी स्वतःच्या घरात का आणले नाही?

महाराष्ट्राच्या बार कौन्सिलचे एक श्रेय इथे द्यायला हवे. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणाऱ्या, एकमेकांच्या हातातले कागद ओढणाऱ्या काही वकिलांना या कौन्सिलने दोषी धरले होते. देशपातळीवरच्या कौन्सिलच्या समितीने त्यांना सोडले, तेव्हा राज्याची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. असे अपील करण्याचा तिला अधिकारच नाही, असा आक्षेप होता. १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो फेटाळला, कारण व्यवसायाचे पावित्र्य राखणे हे कौन्सिलचे लोकांसाठीचे काम आहे. आपल्याच माणसांविरुद्ध दिल्लीपर्यंत जाणारी संस्था या राज्यात होती. त्या परंपरेचा अभिमान बाररूममध्ये सांगितला जावा असे मला फार वाटते.

वकिलांचा सर्वात मोठा आक्षेप मला हलका वाटत नाही. ते म्हणतात, उद्या प्रत्येक हरलेला पक्षकार आम्हाला ग्राहक मंचात खेचेल. सत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाला तर अशा तक्रारींनीच गुदमरवले जाईल. यात तथ्य आहे. आपल्या राज्याला स्वतंत्र वकिलाचे मोल शिकवायला नको. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात लढवली आणि अपिलात जिंकली. असा वकील कोणाच्या दबावाखाली असता कामा नये. पण स्वातंत्र्य कोणापासून? सरकारपासून, पैसेवाल्यापासून, जमावापासून, आणि प्रसंगी न्यायाधीशाच्या रागापासूनही. ज्याने वकीलपत्र दिले त्या माणसापासून स्वातंत्र्य हवे, असे त्या परंपरेत कोणी कधी म्हटलेले नाही. दावा हरला म्हणून वकिलाला जाब विचारू नये, हे मला मान्य आहे. तारखेला न येणे, खोटी तारीख सांगणे, पैशाची पावती न देणे यांचा युक्तिवादाच्या स्वातंत्र्याशी काय संबंध?

इंग्लंडकडून आपण काळा कोट घेतला, बँड घेतला, 'माय लॉर्ड' घेतले. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २००० साली कोर्टातल्या कामाबद्दल वकिलांना असलेले जुने संरक्षण काढून टाकले. २००७ च्या कायद्याने वकिलीवर देखरेख करणारे जे मंडळ आले, त्याचे अध्यक्ष आणि बहुसंख्य सदस्य वकील नसलेच पाहिजेत, असा दंडक आहे. पक्षकारांच्या तक्रारींसाठी २०१० पासून वेगळा लोकपाल आहे. तिथली वकिली त्यामुळे बुडाली नाही.

न्यायाधीशांबद्दल लिहिताना हात जपून चालतो, तसा तो चालायलाही हवा. तालुक्याच्या न्यायाधीशापुढे मी एका दिवशी साठ-सत्तर प्रकरणांचा बोर्ड पाहिला आहे. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सुचवले. पाच वर्षांत तेवढे करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. आजही आपण त्याच्या निम्म्यापर्यंत पोचलेलो नाही, आणि जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. यात समोर बसलेल्या न्यायाधीशाचा दोष नाही. निकाल चुकला म्हणून न्यायाधीशावर दावा लावता येऊ नये, हेही योग्यच आहे, कारण निकाल चुकला तर अपील असते. पण निकालच आला नाही तर अपील कशावर करायचे?

दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लिहिले आहे की सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. पुढे सर्वोच्च न्यायालयाने अपवादाला जागा ठेवली, आणि खालच्या कोर्टांत त्या अपवादाचाच नियम झाला. उच्च न्यायालयात युक्तिवाद संपून तीन महिने झाले तरी निकाल नसेल तर पक्षकाराने अर्ज करावा, सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे मागावे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. आपले प्रकरण ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याविरुद्धच उशिराचा अर्ज? ज्याला रोज त्याच न्यायाधीशांपुढे उभे राहायचे आहे असा कोणता वकील तो लिहील?

याच राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित दाखला मुदतीत मिळाला नाही तर अर्जदाराला अपील आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दंड क्वचित होत असेल, पण भिंतीवर मुदतीचा फलक लागला आणि काउंटरपलीकडच्या माणसाला उत्तर द्यावे लागते हे गावाला कळले. न्यायालयाला दाखल्यासारखी मुदत लावता येणार नाही, हे मला समजते. पण तारीख कोणामुळे पडली हे एका मराठी वाक्यात लिहून पक्षकाराच्या मोबाइलवर पाठवायला कोणता घटनात्मक अडथळा आहे? रोजनामा लिहिला जातोच. मोबाइल क्रमांक दाव्यात असतोच.

वकिलांच्या कामबंदबद्दल एवढेच सांगते की वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. कोल्हापूरच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी पुष्कळ वर्षे आंदोलन केले, अनेकदा काम बंद ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच आले. मागणी रास्त होती आणि तिचा फायदा सिंधुदुर्गातल्या पक्षकारालाही होईल. पण बंदच्या दिवशी जो एसटीने पन्नास किलोमीटर येऊन परत गेला, त्याचा दिवस त्या लढ्यात खर्ची पडला, आणि तो द्यायचा का हे त्याला कोणी विचारले नव्हते.

वाट पाहण्याची किंमत कायदा पाळणारा देतो, हे मला महाडच्या तळ्याने शिकवले. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याबाबत दिवाणी दावा लावून सवर्णांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो माणसे सत्याग्रहासाठी जमलेली असताना बाबासाहेबांनी त्या हुकुमाचा मान राखला आणि तळ्यावर जाऊन पाणी घेणे थांबवले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला मार्च १९३७ मध्ये. जिंकले, पण सव्वानऊ वर्षांनी, आणि तेही पक्षकार स्वतः बॅरिस्टर असताना. ज्यांनी हुकूम पाळला ते पाण्यावाचून थांबले. ज्यांनी दावा लावला त्यांचे काहीच अडले नाही. आईच्या दाव्यातही जमीन कसणारे मामाच आहेत. उसाचे बिल दर वर्षी त्यांच्या खात्यावर येते. तारीख पडली की कोणाचे अडते आणि कोणाचे साधते, हे न्यायालयाने दर वेळी स्वतःला विचारायला हवे.

या काळात कायदाही जागेवर राहिला नाही. माझे आजोबा २००१ मध्ये गेले. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असतील तरच मुलीला नवा हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. २०१८ मध्ये वेगळा सूर निघाला. ऑगस्ट २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी ठाम सांगितले की हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. ज्या दिवशी देशभरातल्या मुलींना हे उत्तर मिळाले, त्या दिवशी आईचा दावा कोणत्याच बोर्डावर नव्हता.

मी एकच मागणी करते, आणि तिला नवा कायदा लागत नाही. वकिलाच्या गैरहजेरीने दावा निघून गेला असेल, तर तो परत घेताना न्यायालयाने पक्षकाराआधी त्या वकिलाचा खुलासा मागवावा, आणि खर्च बसवायचा तर त्याच्यावर बसवावा. हे घडलेले आहे. १९८१ मध्ये एका पक्षकाराचे अपील वकील न आल्यामुळे फेटाळले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडले, वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला का म्हणून विचारले, आणि समोरच्या पक्षाचा दोनशे रुपये खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले. चाळीसहून अधिक वर्षे झाली या निकालाला. आईचे दोन हजार भरताना मी नव्या वकीलबाईंना त्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, निकाल आहे, मला माहीत आहे. पण मला याच कोर्टात काम करायचंय." त्या खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दावा २०२२ मध्ये पुन्हा बोर्डावर आला आणि अजून चालू आहे. आईने तेव्हापासून शंभर पानी वही घातली आहे. तीन रकाने आखले आहेत : तारीख, काय झाले, कारण. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी ती मला फोन करून विचारते आणि लिहून घेते. साक्षीदार आला नाही. न्यायाधीश रजेवर. मामांच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. परवा मी वही चाळली. तिसऱ्या रकान्यात अकरा तारखांपुढे जागा कोरी आहे, आणि त्या जागा भरायच्या राहिल्यात म्हणून आईने प्रत्येकीसमोर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली आहे.